गाण्याची उमेदवारी आणि गाण्याची वेठ

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत अलीकडे एक नवा शब्द रुजला आहे : इंटर्नशिप. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला पदवीच्या अभ्यासक्रमात श्रेयांक मिळू लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोठेतरी सहा-आठ आठवडे काम करावे आणि प्रमाणपत्र आणून महाविद्यालयात जमा करावे, हा शिक्षणाचाच भाग ठरला. कोणी बँकेत जातो, कोणी साखर कारखान्यात, कोणी वृत्तपत्राच्या कचेरीत. काही मुले मात्र गाण्याकडे वळतात. गीत लिहावे, चाल बांधावी, ध्वनिमुद्रणाचे तंत्र शिकावे, एखादे गाणे पहिल्या ओळीपासून शेवटच्या मुद्रणापर्यंत स्वतः तयार करावे, ही त्यांची इच्छा असते. जयंतीच्या मिरवणुकीत आणि वस्तीवरच्या गायन पार्टीत ज्यांचा कान तयार झाला अशी आपली मुलेही त्यांत आहेत.

या गोष्टीसाठी मराठीत एक जुना आणि चांगला शब्द आहे : उमेदवारी. आज तो निवडणुकीपुरता उरला आहे. पण एकेकाळी छापखान्यात खिळे जुळवायला शिकणारा मुलगा, वकिलाच्या हाताखाली काम करणारा तरुण उमेदवारीच करीत असे. या शब्दात उमेद आहे. आज हात शिकतो, उद्या स्वतःच्या पायावर उभा राहीन, ही आशा त्यात आहे. मराठीत दुसराही एक शब्द आहे, आणि तो आपल्या समाजाला अधिक परिचयाचा आहे : वेठ. वेठीतही माणूस काम करतो, राबता राबता कौशल्यही मिळवतो. मग दोहोंत फरक कोणता? उमेदवारीत माणसाची इच्छा असते, कामाचे मोल ठरलेले असते आणि केलेल्या कामावर त्याचे नाव लागते. वेठीत या तिन्ही गोष्टी नसतात.

तेव्हा उन्हाळ्यात ध्वनिमुद्रणगृहात जाणारा आपला विद्यार्थी उमेदवारी करतो की वेठ, हा या लेखाचा प्रश्न आहे. हा प्रश्न केवळ एका विद्यार्थ्याच्या सुट्टीचा नाही. सातारा-सांगलीच्या मातीत गाणे कोणी घडवले आणि त्याचे मोल कोणाच्या पदरात पडले, या जुन्या हिशेबाशी तो जोडलेला आहे.

फड ही शाळा होती

हे दोन जिल्हे एकत्र घेण्यास कारण आहे. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वी कृष्णा-वारणेच्या काठचा बराचसा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. या मुलखात लावणी, पोवाडा, तमाशा आणि जलसा या चारही प्रकारांची परंपरा आहे. ज्योतिराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण, तेही साताऱ्याच्या खटाव तालुक्यातले. १८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि पुढे त्याच्या प्रचारासाठी जलसे उभे राहिले. त्यांचा आराखडा तमाशाचा होता, आशय समाजपरिवर्तनाचा होता. १९३० नंतर जोम धरलेल्या आंबेडकरी जलशांना हा आराखडा तयार मिळाला.

गाणे करण्याचे शिक्षण येथे कोठे मिळे? फडात. फडाला प्रवेशपरीक्षा नव्हती, पण क्रम होता. नवा मुलगा आधी सामान वाही, हलगी विस्तवावर शेकून देई, कडे वाजवी. मग तो सुरत्या होई. सुरत्या म्हणजे तुणतुणे वा झांज घेऊन मुख्य गायकाच्या मागे उभा राहणारा साथीदार. गायकाची ओळ संपत आली की शेवटचा स्वर उचलून तो चढवत न्यायचा, म्हणजे झील धरायची. हे काम वरवर दुय्यम दिसते. परंतु ओळ कोठे संपते, श्वास कोठे तुटतो, यमक कोठे पडले म्हणजे श्रोता मान डोलावतो, हे सारे सुरत्याला आधी कळते. अनेक रात्री झील धरणाऱ्याला कवनाची बांधणी पाठ होते आणि मग तो स्वतः ओळ जुळवू लागतो. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग असा रात्रभराचा क्रम त्याच्या अंगात भिनतो. सांगलीजवळच्या कवलापूरच्या खाडे घराण्यात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि त्याच घराण्यातले जुळे भाऊ काळू-बाळू या नावाने साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले.

या शाळेचा सर्वांत मोठा विद्यार्थी म्हणजे अण्णाभाऊ साठे. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावच्या मांगवाड्यात त्यांचा जन्म झाला. गाव वाळवा तालुक्यातले, तेव्हा सातारा जिल्ह्यात, आज सांगलीत. सरकारी शाळेत ते दीड दिवस टिकले. पुढे कुटुंब पायी चालत मुंबईला गेले. काही काळाने ते वाटेगावला परतले तेव्हा नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात शिरले. त्यांची खरी उमेदवारी येथे झाली. वाद्ये हाताळणे, पल्लेदार आवाजात म्हणणे, सवालाला जबाब देणे, हजारांच्या समूहाला धरून ठेवणे हे सारे त्यांनी येथे मिळवले. पुन्हा मुंबईला गेल्यावर गिरणी कामगारांच्या चळवळीत या शिक्षणाचा उपयोग झाला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले.

गीत लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने अण्णाभाऊंकडून नेमके काय शिकावे? तमाशाचा साचा त्यांनी मोडला नाही. त्याच्या आतला माल बदलला. गणातली देवाची स्तुती काढून त्यांनी तेथे मातृभूमीला आणि लढ्यात पडलेल्यांना वंदन आणले. कृष्ण आणि गौळणींची छेडछाड गाळली. वगातल्या राजाच्या जागी सावकार आणि भांडवलदार आला, शिपायाच्या जागी कामगार आला. बतावणीतला विनोद त्यांनी ठेवला, कारण तो श्रोत्यांच्या ओळखीचा होता. फक्त त्याचा रोख वर वळवला. ओळखीच्या चालीत अनोळखी विचार घातला की तो लोकांच्या तोंडी बसतो. गीतलेखनाच्या कोणत्याही वर्गात याहून मोलाचा पाठ सांगितला जात नसेल.

मोल कोणाच्या पदरात

येथवर वाचून कोणी म्हणेल की फड ही आदर्श शाळाच होती. तसे मानणे म्हणजे स्वतःची फसवणूक करणे होय. फडाने कौशल्य दिले यात शंका नाही. पण कलावंतांची जात पाहूनच समाजाने त्या कौशल्याची किंमत केली. हंगामाआधी ठेकेदाराकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची, हा अनेक फडांचा धर्म झाला. उचल फिटली नाही की पुढच्या वर्षी पाय पुन्हा त्याच दोरीत. स्त्रियांची स्थिती तर याहून बिकट. त्यांच्या पायातल्या चाळांवर फड चाले, आणि गावात त्यांनाच नाव ठेवले जाई.

वाळवा तालुक्यातल्याच रेठरे हरणाक्ष या गावचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी हे पठ्ठे बापूराव या नावाने लावणीच्या इतिहासात अजरामर झाले. ब्राह्मण घराण्यातला हा माणूस घरदार सोडून तमाशात आला, ही गोष्ट धाडसाची खरी. त्यांच्या लावण्या ज्यांच्या गळ्यातून आणि अंगातून जिवंत झाल्या, त्या महार समाजातल्या पवळाबाईंचे नाव मात्र बापूरावांच्या चरित्रातले एक प्रकरण म्हणून उरले. अखेरच्या कडव्यात नाममुद्रा घालणारा कवी इतिहासात राहतो. चाल फुलवणारी, प्रत्येक खेळात तीच ओळ निराळ्या अदाकारीने मांडणारी कलावंतीण कोणत्या कडव्यात आपले नाव घालणार?

पठ्ठे बापूरावांनी सत्याग्रहाच्या निधीसाठी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही घटना चळवळीच्या इतिहासात नोंदलेली आहे. आपल्या स्त्रियांना नाचवून आलेला पैसा त्यांना नको होता. या नकाराचा अर्थ आपण नीट लावला पाहिजे. बाबासाहेबांना गाण्याचे वावडे नव्हते; भीमराव कर्डकांसारख्यांच्या जलशांचे त्यांना कौतुक होते. त्यांचा आक्षेप गाण्यामागच्या व्यवहाराला होता : राबते कोण, आणि त्या राबण्यातून मान कोणाला मिळतो. शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांचा इतिहास याच प्रश्नाच्या अंगाने मांडला आहे. साताऱ्यात वाढलेल्या आणि लहानपणीच मेळ्यातून रंगमंचावर आलेल्या कांताबाई सातारकरांनी पुढे स्वतःच्या नावाचा फड चालवला, तेव्हा फडाच्या पाटीवर स्त्रीचे नाव असणे यालाही एक सामाजिक अर्थ होता.

हलगीचीही हीच कथा. गावकीच्या हुकमाने, मोबदला म्हणून मूठभर धान्यावर ती वाजवावी लागे. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक गावांत महारांनी गावकीची कामे आणि त्याबरोबर वाजवणेही सोडले. तो स्वाभिमानाचा निर्णय होता. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. आज तीच हलगी काही तरुण हाती घेतात आणि मोर्च्याच्या अग्रभागी वाजवतात. कातडे तेच, काड्या त्याच. सक्तीने वाजली तेव्हा ती वेठ होती. स्वेच्छेने, मोलाने आणि नावानिशी वाजते तेव्हा ती कला होते. हे माप हातात धरूनच आपण आता ध्वनिमुद्रणगृहात शिरू.

काचेच्या आतले काम

पूर्वी ध्वनिमुद्रणासाठी मुंबईला जावे लागे आणि तबकडी काढणारी कंपनी मेहेरबान व्हावी लागे. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीतांचा प्रसार झपाट्याने वाढला. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांशेजारी कॅसेटी मांडल्या जाऊ लागल्या. आता एक संगणक, एक ध्वनिग्राहक आणि गाद्या-पडदे लावून आवाज घुमणार नाही अशी केलेली खोली एवढ्यावर तालुक्याच्या गावीही गाणे मुद्रित होते. १४ एप्रिलच्या आधी भीमगीतांची आणि १ ऑगस्टच्या आधी अण्णाभाऊंवरच्या गीतांची घाई असते. म्हणजे विद्यार्थ्याची उन्हाळी सुट्टी एका हंगामाच्या शेवटी सुरू होते आणि दुसऱ्याच्या तोंडाशी संपते. शिकण्यास याहून योग्य काळ नाही.

काम साधारण असे चालते. प्रथम गाण्याची पट्टी आणि गती ठरते. मग कच्च्या आवाजात पूर्ण गाणे म्हणून एक मार्गदर्शक मुद्रण करतात. त्याच्या आधाराने आधी ताल, मग सुरांची वाद्ये, नंतर मुख्य गायकाचा आवाज आणि शेवटी कोरस, असे एकेक स्वतंत्र पट्टे मुद्रित होतात. पुढे चुका छाटल्या जातात. मग मिश्रण होते, म्हणजे कोणता आवाज पुढे, कोणता मागे, कोणता डाव्या-उजव्या बाजूला हे ठरते. अखेर सर्व गाण्याची पातळी सारखी करून अंतिम प्रत काढतात. सीडीसाठी आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेण्याचे प्रमाण ठरले, चित्रफितीसाठी ४८,००० चे. ही माहिती चार दिवसांत पाठ होते. कान तयार व्हायला मात्र सुट्टी अपुरी पडते.

विद्यार्थ्याने सर्वाधिक लक्ष द्यावे ते येथे. संगणकावर गती ठरवली की यंत्र कानात टक-टक असा ठोका देत राहते आणि साऱ्या वादकांनी त्या ठोक्यात राहायचे असते. चित्रपटगीताला हे सोयीचे. पोवाड्याची लय मात्र सरळ चालत नाही; प्रसंग तापत जातो तशी ती चढते, मध्येच शाहीर थांबतो, चार वाक्ये गद्यात बोलतो, पुन्हा उसळी घेतो. झीलकरी तर ओळ संपण्यापूर्वीच स्वर उचलतो. ठोक्याच्या चौकटीत हे सारे बसवले की पोवाडा कवायतीसारखा ऐकू येतो. अशा वेळी शाहीर, झीलकरी, ढोलकी आणि तुणतुणे यांना एकाच वेळी, एकमेकांना दिसतील असे बसवून, प्रत्येकापुढे वेगळा ध्वनिग्राहक ठेवून मुद्रण करावे. ठोका बंद ठेवावा. नंतर छाटणे अवघड जाते हे खरे; पण गाणे जिवंत राहते.

हलगीचा प्रश्नही असाच. तिचा आघात इतका तीव्र असतो की जवळ ठेवलेला ध्वनिग्राहक फाटल्यासारखा आवाज पकडतो. तो चार पावले दूर आणि थोडा तिरपा ठेवावा लागतो. पावसाळी हवेत कातडे ढिले पडते, आवाज बसतो, म्हणून ती पुन्हा पुन्हा शेकावी लागते. खोलीत विस्तव नसला तर विजेची शेगडी चालते. एवढी खटपट नको म्हणून अनेक ठिकाणी संगणकात साठवलेला हलगीचा तयार तुकडा लावून काम भागवतात. तो तुकडा कधीतरी कोणीतरी वाजवलेला असतो. त्या हातांचे नाव तेथे नसते, आणि त्या तुकड्यामुळे गावातल्या हलगीवाल्याची एक सुपारी मात्र बुडते.

सांगली जिल्ह्यातच याची दुसरी बाजू दिसते. मिरजेत सतार आणि तंबोरा घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी ती उभी केली आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कारागिरांच्या कष्टाचा हा गौरव आनंदाचा आहे. हलगी मढवणाऱ्या हातांचीही अशीच दखल घेतली जावी, असे म्हणणे म्हणजे सतारीचा द्वेष करणे नव्हे. विद्यार्थ्याने सुट्टीतले दोन दिवस मिरजेच्या कारागिरांजवळ आणि दोन दिवस हलगी मढवणाऱ्याजवळ बसावे. आवाज कोठून जन्मतो हे त्याला यंत्रापेक्षा तेथे लवकर कळेल.

एका गाण्याचे चार हक्क

तंत्राइतकाच कायदाही शिकला पाहिजे. आपल्या शाहिरांची नागवण बहुधा कायदा माहीत नसल्याने झाली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रित गाण्यात चार निरनिराळे हक्क नांदतात. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा, प्रत्यक्ष गाण्या-वाजवण्याचा गायक-वादकांचा आणि मुद्रणाचा निर्मात्याचा. गायक-वादकांचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि आज तो ५० वर्षे टिकतो. गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. अण्णाभाऊंचे निधन १८ जुलै १९६९ चे. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या गीतांवरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. जयंतीसाठी त्यांचे गीत नव्याने मुद्रित करायचे तर परवानगीचा विचार करावाच लागतो.

निर्मात्याने एकदा पैसे दिले की सारे त्याचे, ही समजूत पूर्वी बळकट होती. चित्रपटगीतांच्या बाबतीत १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तिला आधारही मिळाला. २०१२ च्या दुरुस्तीने चित्र पालटले. आता गीतकाराने आणि संगीतकाराने गाण्याचे हक्क दुसऱ्याला लिहून दिले, तरी गाण्याच्या वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनातला आपला निम्मा वाटा ते सोडून देऊ शकत नाहीत. तो वाटा फक्त वारसांकडे किंवा हक्क सांभाळणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे जाऊ शकतो. हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच मानले जाते.

परंतु उमेदवाराने सर्वांत आधी वाचावे ते कलम १७. त्यात नोकरीच्या बरोबरीने उमेदवारीच्या कराराचाही स्पष्ट उल्लेख आहे. अशा कराराखाली काम करताना एखादी कृती निर्माण झाली, आणि उलट काही ठरलेले नसेल, तर तिचा पहिला मालक लेखक नसून काम देणारा असतो. चित्रपटातल्या गीतांपुरते २०१२ च्या दुरुस्तीने लेखकाला संरक्षण दिले. आपली जयंतीची गीते, भीमगीते, पोवाडे हे सारे बहुतांशी चित्रपटाबाहेरचे. म्हणजे ज्याला संरक्षणाची गरज अधिक, तोच उघड्यावर! उन्हाळ्यात शिकायला गेलेल्या मुलाने दुपारच्या फावल्या वेळात एक मुखडा लिहिला, तो गाजला, आणि प्रशिक्षणाच्या पत्रावर या बाबतीत एक ओळही नसेल, तर मालक कोण यावर वाद उभा राहू शकतो. तो वाद कोणाच्या खिशाला परवडेल, हे सांगण्याची गरज नाही.

याच कायद्याचे कलम ५७ लेखकाला आपले कर्तेपण सांगण्याचा आणि कृतीची विटंबना रोखण्याचा अधिकार देते. हक्क विकले तरी हा अधिकार राहतो. तेव्हा गीताखाली 'पारंपरिक' असे लिहून मोकळे होण्याच्या सवयीला आव्हान दिले पाहिजे. ज्याला आपण पारंपरिक म्हणतो ते कोणा शाहिराने, कोणा बाईने एका रात्री जुळवलेले असते. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह झाला, त्यात लाखावर ओव्या आहेत, आणि गाणाऱ्या बाईचे नाव व गाव यांची नोंद तेथे ठेवली गेली. गरीब शेतकरी-मजूर स्त्रियांच्या बाबतीत जे करता आले, ते आपल्या गायन पार्ट्यांच्या बाबतीत का करता येऊ नये?

भाकरीचा प्रश्न

आता रोख मोबदल्याचा मुद्दा. शिकायला आला आहे, त्याला पैसे कशाला, असे म्हटले जाते. शिकणाऱ्याला दोन वेळा जेवावे लागते, एस.टी.चे भाडे द्यावे लागते आणि त्या दोन महिन्यांची मजुरी बुडते. ज्याच्या घरी बाप पगारदार आहे त्याला फुकट उमेदवारी परवडते. ज्याची आई उसाच्या फडात किंवा दुसऱ्याच्या रानात राबते त्याला ती परवडत नाही. मग प्रमाणपत्र पहिल्याला मिळते आणि गुणवत्ताही त्याचीच ठरते. जातिव्यवस्था नव्या काळात अशीच आपले काम करते; कोणी कोणाला दाराबाहेर थांब म्हणत नाही, फक्त आत येण्याचे भाडे वाढवून ठेवते.

सरकारी योजनांचा येथे फारसा आधार नाही. २०२४ साली महाराष्ट्रात आलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला दरमहा ६,००० पासून पदवीधराला १०,००० रुपयांपर्यंत विद्यावेतन ठेवले गेले. पण ज्याचे शिक्षण चालू आहे त्याला ती लागू नव्हती. १९६१ च्या उमेदवारी कायद्यात विद्यावेतनाची तरतूद आहे, ती अधिसूचित उद्योग-व्यवसायांतल्या नोंदलेल्या उमेदवारांसाठी. सुट्टीत गाणे शिकणारा विद्यार्थी या दोहोंच्या फटीत सापडतो. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे हीदेखील सक्तीची मजुरी होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितले. तो निकाल मजुरांचा होता, विद्यार्थ्यांचा नव्हे. पण त्यामागचा विचार शिक्षणाच्या क्षेत्रानेही मनावर घ्यावा असा आहे.

आणि उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. तेथे मुले एका पंक्तीत जेवत आणि कष्ट करून शिकत. 'कमवा आणि शिका' या योजनेचे मूळ तेथे आहे. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठानेही तिचा अंगीकार केला, आणि सातारा-सांगलीची महाविद्यालये याच विद्यापीठाच्या परिसरात घडली. शेतात आणि ग्रंथालयात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तासाचा मोबदला देता येतो, तर शाहिराची जुनी वही उतरवून घेणाऱ्या, तिच्यातले पोवाडे मुद्रित करणाऱ्या विद्यार्थ्याला का देता येऊ नये? तेही ग्रंथालयाचेच काम आहे. फक्त ग्रंथ अजून गळ्यात आहे.

काय करता येईल

शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी आणि स्वतः विद्यार्थ्यांनी मिळून चार गोष्टी आजपासून करता येतील.

पहिली, उमेदवारीचे पत्र लेखी असावे आणि ते महाविद्यालयाने तयार करून द्यावे. कामाचे तास किती, मोबदला किती, श्रेयनामावलीत विद्यार्थ्याचे नाव कोणत्या कामापुढे लागेल आणि त्याने या काळात लिहिलेले शब्द व बांधलेली चाल त्याच्याच मालकीची राहील, एवढे चार मुद्दे त्यात हवेत. चौथा मुद्दा कलम १७ मधल्या 'उलट काही ठरलेले नसेल तर' या शब्दांना उत्तर आहे. एका ओळीत काम होते.

दुसरी, विद्यार्थ्याने रोजनिशी ठेवावी. कोणत्या दिवशी कोणते गाणे, कोणी वाजवले, कोणती ओळ कोणी सुचवली, हे तारखेसह लिहावे. कच्च्या मुद्रणाची एक प्रत आणि शब्दांचा पहिला कागद जपून ठेवावा. उद्या वाद झाला तर हा पुरावा आहे. न झाला तर इतिहास आहे.

तिसरी, निम्मा काळ ध्वनिमुद्रणगृहात आणि निम्मा काळ गावात असा कार्यक्रम आखावा. परीक्षा संपतात तेव्हा या भागात जत्रांचे दिवस असतात. एखाद्या वयोवृद्ध शाहिराजवळ, गायन पार्टीतल्या ढोलकीवाल्याजवळ, जात्यावरची गाणी आठवणाऱ्या आजीजवळ बसून त्यांच्या संमतीने मुद्रण करावे. नाव, गाव आणि तारीख यांची नोंद करावी. मुद्रणाची प्रत त्यांच्या घरी आधी द्यावी, मग महाविद्यालयात. आणि त्यांनाही मानधन द्यावे. आपण ज्या मोलाची मागणी करतो ते दुसऱ्याला नाकारता येत नाही.

चौथी, गाणे काय सांगते याचा विचार सुटू नये. यंत्र हाती आले की आवाज मोठा करण्याचा मोह होतो. जयंतीच्या मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांतून शब्द हरवतात आणि ठोका तेवढा उरतो. वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून हजारो गीते रचली आणि गायली. त्यांचा एकेक शब्द मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला कळत असे. मिश्रणाच्या वेळी विद्यार्थ्याने एकच कसोटी लावावी : शेवटच्या रांगेत शब्द पोचतो का? पोचत नसेल तर गाणे पूर्ण झाले नाही.

आपल्या आधीच्या पिढ्यांनी गाण्याची विद्या वेठीतून मिळवली आणि तिचे हत्यार केले. बापू साठ्यांच्या फडात झील धरणाऱ्या पोराला कोणी प्रमाणपत्र दिले नव्हते, आणि पुढे साहित्यसम्राट म्हणवल्या गेलेल्या त्या माणसाने चिरागनगरच्या झोपडीत दारिद्र्य भोगले. त्याची विद्या आपण वारशाने घेतली आहे. त्याच्या वाट्याला आलेली नागवण वारशाने घेण्याचे कारण नाही. या उन्हाळ्यात जो विद्यार्थी काचेच्या पलीकडे जाऊन बसेल, त्याच्या हातात पेन असू द्या, कानावर श्रवणयंत्र असू द्या, आणि खिशात सही-शिक्क्याचे ते एक पानी पत्र असू द्या.